ब्रह्मपुरीचा ठेवा पडद्यावर

कोल्हापुरांत पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. तेथें प्रा. कुंदनगार यांना ब्राँझच्या वस्तूंचा ठेवा मिळाला. पुढें १९४५-४६ मध्यें डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. त्या ठेव्यांतील ग्रीक समुद्रदेव पोसायडन टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. मूर्ति वीतभरही नाहीं. परंतु रोमशीं चाललेल्या सातवाहनकालीन व्यापाराची ती बोलकी साक्ष आहे.

हा संग्रह इंटरनेटवर आणावा, म्हणजे मुंबईच्या किंवा लंडनच्या विद्यार्थ्यालाही तो घरबसल्या पाहतां येईल. मात्र छायाचित्रें चढविलीं कीं काम संपलें, असें नव्हे. ब्रह्मपुरीच्या खालच्या थरांत सातवाहनांचीं विटांचीं घरें निघालीं, वरच्या थरांत बहामनी काळच्या रंगीत कांचेच्या बांगड्या. नुसतें चित्र पाहून त्या बांगड्या कोणाला आजीच्या पेटींतल्याही वाटतील! थर सांगितला तरच त्यांचें वय कळतें. पोसायडन देखणा असल्यामुळें त्याला प्रेक्षक मिळतीलच. काळजी आहे ती खापरांची. उत्खननाचा अहवाल १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील नकाशे व थरांच्या आकृत्या प्रत्येक वस्तूच्या चित्राशेजारीं ठेवाव्या, आणि वर्णन प्रथम मराठींत लिहावें. हें काम कंटाळवाणें खरें, पण छायाचित्रकाराआधीं तें जाणत्या नोंदणीकाराकडे सोंपवावें.