बाळाच्या पोटाची बखर

इतिहास म्हटला की तलवारी, तह आणि सनावळ्या. पानिपतावर कोणत्या बाजूला किती तोफा होत्या हे आम्ही शाळेत घोकले. पण पानिपतावर गेलेला प्रत्येक शिपाई केव्हातरी दीड महिन्यांचा होता, आणि त्या वयात दिवेलागणीच्या सुमाराला मुठी आवळून, गुडघे पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन त्याने अख्खा वाडा डोक्यावर घेतला होता, ही गोष्ट एकाही बखरीत सापडत नाही. बखरकार पुरुष होते, हे त्याचे कारण असावे. पोर रडायला लागले की ते पागोटे उचलून सदरेवर जाऊन बसत असणार.

त्या मानाने आपले जुने वैद्य बरे. काश्यपसंहिता नावाचा बालरोगांवरचा एक प्राचीन ग्रंथ आहे. नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून तो १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडला. बोलता न येणाऱ्या रोग्याला कुठे दुखते आहे हे कसे ओळखावे, यावर त्यात स्वतंत्र अध्याय आहे. पोटशुळाची लक्षणे अशी: मूल स्तन सोडून देते, रडते, उताणे होऊन अंग वाकवते, पोट ताठरते, अंग गार लागते आणि तोंडावर घाम येतो. ज्याने हे लिहिले त्याने ग्रंथ वाचून ते लिहिलेले नाही. त्या ऋषीने निदान एक रात्र तरी पोर खांद्यावर घेऊन अंगणात येरझाऱ्या घातल्या असल्या पाहिजेत, अशी माझी खात्री आहे.

निदान ऋषींचे, पण उपचार मात्र आजीचा. आपल्याकडे बाळाच्या पोटावरचा इलाज आईच्या ताटापासूनच सुरू होतो. बटाटा वातूळ, हरभऱ्याची डाळ वातूळ, कोबी वातूळ. बाळंतिणीला जे म्हणून आवडते ते सगळे वातूळ! जेवण झाले की वर बाळंतशोपा. खरे पाहता आईच्या आतड्यातला वारा दुधात उतरत नाही. क्वचित एखाद्या बाळाला आईने घेतलेल्या गाईच्या दुधातले प्रथिन बाधते, पण तो वेगळा मामला आहे. तरी कित्येक पिढ्या बाळंतिणी भज्यांच्या वासावर दिवस काढत आल्या, आणि बाळे आपली रडायची तेवढी रडतच राहिली.

मग खुद्द बाळाची पाळी. बेंबीभोवती हिंगाचा लेप, ओव्याच्या कोमट पुरचुंडीचा शेक, आणि सर्वांवर मात म्हणजे बाळगुटी. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, सुंठ, हिरडा, अतिविष, काकडशिंगी अशी फौज डब्यातून निघायची आणि सहाणेवर दुधात उगाळली जायची. मापाला चमचा नाही, वेढे. "मुरडशेंगेचे दोन, जायफळाचा एकच हो, नाहीतर पोर दुपारपर्यंत उठायचं नाही!" त्या एका वेढ्यात सगळे औषधशास्त्र आले. वेढा किती दाबून द्यायचा हे मात्र ज्या त्या मनगटावर अवलंबून.

आमचा नातू दीड महिन्याचा असताना आमच्या घरीही या इतिहासाचे एक प्रकरण घडले. रोज संध्याकाळी साडेसहाला पोर सुरू व्हायचे. आकाशवाणीच्या बातम्याही इतक्या वेळेवर लागत नसत. तिसऱ्या दिवशी परिषद भरली. विहीणबाई पुण्याहून सहाण घेऊनच आल्या होत्या. आमच्या सौभाग्यवतींचा हिंगावर विश्वास. वरच्या मजल्यावरच्या काकू ग्राइप वॉटरची अर्धी बाटली घेऊन उतरल्या आणि "आमची तिन्ही यावरच वाढली," म्हणाल्या. (त्या तिन्हींकडे पाहता हे विधान शिफारस म्हणून घ्यावे की इशारा म्हणून, ते मला ठरवता आले नाही.) सूनबाई कोपऱ्यात पोर छातीशी धरून बसली होती. तिला कोणी काही विचारत नव्हते. सगळे सांगत होते. शेवटी ती हळूच म्हणाली, "आई, माझंच दूध बाधत असेल का हो त्याला?"

खोली एकदम गप्प झाली. विहीणबाईंनी सहाण खाली ठेवली आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. पोर अर्थात रडतच होते.

त्या प्रश्नाने मला वाचायला बसवले. रडण्याचा बाजार किती जुना आहे, आणि त्यात किती जणांनी हात धुऊन घेतले आहेत, हे तेव्हा कळले. सगळ्याच गोष्टी हसण्यासारख्या नाहीत.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे गोड औषध घरोघरी असे. पोटदुखी, दात, जुलाब, रडणे, सगळ्यांवर एकच. त्यात काकवीसारख्या पाकात मिसळलेली अफू होती. अमेरिकेत १८४९ पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ विकले जाऊ लागले, त्यात मॉर्फिन. पोर खरोखर शांत व्हायचे. काही पोरे कायमची शांत झाली. १९०६ च्या अमेरिकन कायद्याने बाटलीवर आतला माल लिहिणे भाग पाडले, आणि १९११ साली तिथल्या वैद्यकीय संघटनेने या सिरपाची गणना ‘बालहत्यारे’ या सदरात केली. एडवर्ड एल्गार या नामांकित इंग्रज संगीतकाराने तरुणपणी एका संथ रचनेला याच औषधाचे नाव दिले होते. ऐकणाऱ्याला झोप येईल, एवढाच त्यातला विनोद. ते हसू आज घशात अडकते.

यावर "साहेबाचं सगळं असंच!" असे म्हणायची सोय मात्र नाही. आपल्या मुंबईत बाळागोळी होती. पहाटे भोंगा व्हायचा आणि आईला गिरणीत जावे लागायचे. खोलीत पोराजवळ म्हातारी किंवा सहा वर्षांची बहीण. जाताना अफूची इवलीशी गोळी पोराच्या जिभेवर ठेवायची, म्हणजे ते आई परत येईपर्यंत निजून राही. गिरणीतल्या बायकांच्या मुलांत ही चाल किती सर्रास होती, हे १९२० च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत नोंदलेले आहे. अफूने भूक मरते, पोर दूध ओढत नाही, सुकत जाते. आणि मात्रा जरा चुकली की श्वासच मंदावतो. त्या आईला निर्दय म्हणणे सोपे आहे. पण ज्या घरात एका दिवसाची मजुरी बुडली की चूल पेटत नाही, तिथे पोराचे रडणे परवडत नाही. ती गोळी पोराच्या पोटदुखीवर नव्हतीच, ती गिरणीच्या घड्याळावर होती.

या पार्श्वभूमीवर आमच्या काकूंची बाटली म्हणजे अगदी गरीब गाय. विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने १८५१ साली इंग्लंडातल्या नॉटिंगहॅममध्ये ग्राइप वॉटर तयार केले. पूर्व इंग्लंडच्या दलदलीत मुलांना जो ताप यायचा, म्हणजे आपला हिवतापच, त्यावरच्या एका औषधावरून त्याला ही कल्पना सुचली. १८७६ मध्ये नावाची नोंदणी झाली. ‘आजीनं आईला सांगितलं, आईनं मला’ अशा अर्थाची जाहिरात आली, आणि बाटलीवर साप आवळणारा बाळ हर्क्युलिस. आपल्याकडे असते तर कालियामर्दन छापले असते.

आता त्या बाटलीत होते काय? खायचा सोडा, साखर, पाणी आणि डिलचे तेल. डिल म्हणजे कोण? तर आपला शेपू! आणि बाळंतशोपा म्हणजे शेपूचेच बी. म्हणजे विहीणबाई आणि काकू ज्या दोन झेंड्यांखाली समोरासमोर उभ्या होत्या, ती एकाच भाजीची दोन घराणी निघाली. ही बातमी मी दोघींना दिली. दोघींनाही ती आवडली नाही.

मूळ कृतीत आणखी एक जिन्नस होता: शेकडा ३.६ अल्कोहोल. म्हणजे हलक्या बिअरच्या जवळपास. पोरे ग्राइप वॉटर का मागून घेत, आणि घेतल्यावर तत्त्वज्ञासारखी छताकडे का पाहत, याचा उलगडा इथे होतो. ब्रिटनमध्ये हे अल्कोहोल काढून टाकायला १९९२ साल उजाडले. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तेव्हा बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. १९५१ साली सुप्रीम कोर्टाने अल्कोहोलयुक्त औषधांवरची बंदी उठवली. पाळण्यातल्या मंडळींना निकालपत्र वाचता आले असते, तर त्यांनी बलसारांचा सत्कारच केला असता.

विसाव्या शतकात डॉक्टरांनी हा विषय हाती घेतला आणि आजींइतकाच आत्मविश्वास दाखवला. १९५४ साली वेसेल या अमेरिकन डॉक्टरांनी व्याख्या केली: एरवी धडधाकट असलेले मूल दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त रडले, तर तो ‘कॉलिक’. तीन आठवडे घड्याळ लावून बसणाऱ्या आईचे काय होते, याची व्याख्या त्यांनी केली नाही. १९६२ मध्ये ब्रॅझल्टन यांनी आयांना रोजनिशी लिहायला लावली. निघाले असे की चांगली खातीपिती, निरोगी बाळेही सहाव्या आठवड्याच्या सुमाराला दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत रडतात, मुख्यतः संध्याकाळी, आणि मग रडणे आपोआप उतरत जाते.

मध्यंतरी डायसायक्लोमिन हे औषध फार चालले. काही तान्ह्यांचा श्वास अडखळला तेव्हा, १९८० च्या दशकात, सहा महिन्यांखालच्या मुलांसाठी ते वर्ज्य ठरले. मग पोटातले बुडबुडे फोडणारे सिमेथिकोन आले. १९९४ साली अमेरिकेत त्याची नुसत्या रंगीत पाण्यासारख्या खोट्या औषधाशी तुलना झाली, आणि दोघांचा गुण सारखाच निघाला! ढेकर काढण्याची तर जगभर शपथ. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चंदीगडच्या एका अभ्यासात ढेकर काढलेल्या बाळांचे रडणे काही कमी भरले नाही, उलट दूध मात्र जास्त उलटले.

मग गुण येतो कशाने? बाळ रडताना हवा गिळते. त्यामुळे पोटातला वारा हे रडण्याचे कारण असण्यापेक्षा परिणाम असण्याचाच संभव जास्त. सहाव्या आठवड्यात रडणे कळसाला पोचते, घर हवालदिल होते आणि नवा उपाय सुरू होतो. त्याच सुमाराला रडणे उतरणीला लागलेले असते. श्रेय हिंगाला, गुटीला, बाटलीला किंवा बुवाच्या अंगाऱ्याला, जे हाताशी असेल त्याला. तिसऱ्या-चौथ्या महिन्याइतका यशस्वी वैद्य दुसरा झाला नाही.

म्हणून आजचे डॉक्टर सांगतात की पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज वरचे काही नको. गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही. मध तर वर्षभर नाहीच, कारण त्यातून तान्ह्यांना बॉट्युलिझम होऊ शकतो. पोर खांद्यावर घ्यावे, डुलवावे, पोटावरून हलका हात फिरवावा. हिरवी उलटी, शीत रक्ताळ, ताप, फुगून घट्ट झालेले पोट किंवा दूध पिणेच बंद, यातले काही दिसले तर परिषद न भरवता तडक दवाखाना गाठावा. आणि आपलाच संयम सुटतो आहे असे वाटले तर पोर पाळण्यात सुरक्षित ठेवून पाच मिनिटे गॅलरीत उभे राहावे. पाच मिनिटे रडल्याने पोराचे काही बिघडत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवल्याने मात्र त्याच्या मेंदूला इजा होते.

सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे: नाही गं बाई, तुझे दूध बाधत नाही. हे वाक्य परिषदेतल्या कोणीतरी पहिल्या दिवशीच म्हणायला हवे असते. बाळागोळीच्या काळात त्या गिरणीतल्या बाईला औषधाची बाटली नको होती, पोर धरायला एक मोकळा माणूस हवा होता. आजही घरातल्या चौघांनी एकेक तास वाटून घेतला, तर आईला जेवायला आणि जरा डोळा लागायला वेळ मिळतो. पुरुषांना यात सवलत नाही. सदर आता उरलेली नाही, आणि येरझाऱ्या घालायला डोक्यावर पागोटे लागत नाही.