चावी

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकमध्ये एखादे पोर ‘चावीची गाडी’ मागते, तेव्हा त्याच्या तोंडी पोर्तुगीज शब्द असतो. लॅटिन ‘क्लाविस’पासून पोर्तुगीज ‘चावे’ आणि त्यापासून आपली ‘चावी’. १७४० पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेले रेवदंडाही याच रायगड जिल्ह्यातले.

कुलपाची चावी फक्त उघडते. खेळण्याची चावी ताकद भरते. ती फिरवली की आतली पोलादी पट्टी घट्ट गुंडाळली जाते आणि हाताचे श्रम तिच्यात साठतात. सोडताच पट्टी उलगडू लागते, दातेरी चाके फिरतात, गाडी पळते. घड्याळात मात्र चाकाचा एकेक दात ठरल्या वेळानेच सुटतो, म्हणून एकदा दिलेली चावी दिवसभर पुरते. गजराच्या जुन्या घड्याळांना बहुधा दोन चाव्या असत: एक काट्यांसाठी, दुसरी घंटेसाठी.

या पट्टीला मराठीत ‘कमान’ म्हणतात. फारसीत कमान म्हणजे धनुष्य. वाकवताना ताकद साठवायची आणि सोडताना वापरायची, हे तत्त्व दोन्हींचे एकच. चिथावणी देणाऱ्याने ‘चावी दिली’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो अर्थ कुलपाच्या नव्हे, कमानीच्या चावीलाच शोभतो.