खाडाखोडीची वही

बल्लाळदेवीच्या अमडापुरात बसून रोबोटच्या वहीवर लिहायचे, याचे कुणाला नवल वाटेल. पण घरातली जुनी तिफण एकदा नीट पाहा. चाड्यातले बी नळ्यांतून समान उतरावे, फण नेमका हवा तितकाच खोल जावा, हे सुताराच्या हाताला कळत होते. ते तसेच का, हे मात्र त्याने कुठे लिहिले नाही. हात थांबला, तसे ते कारणही गेले. मुलांच्या रोबोट संघाने रचना आणि तिच्यामागची कारणे टिपणारी रचनावही ठेवावी असा माझा आग्रह आहे, तो यामुळेच.

2016 पासून अटल टिंकरिंग लॅबमुळे सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती मोटर, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर आले. 2017 साली वॉशिंग्टनच्या फर्स्ट ग्लोबल स्पर्धेत मुंबईच्या शाळकरी मुलांनी भारताकडून उतरून अभियांत्रिकी रचनेचे झांग हेंग पारितोषिक आणले. मैदानावरच्या गुणांइतकाच रचनेमागच्या विचाराचाही मान होतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

वाचकांनी सुरुवातीलाच वही आणि पुस्तिका यांतला फरक ध्यानात घ्यावा. फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेत परीक्षकांना द्यायची पुस्तिका मुखपृष्ठ सोडून फार तर 15 पानांची असते. ती वर्षभराच्या जाड वहीतून निवडून काढायची. वहीच नसेल, तर स्पर्धेच्या आदल्या रात्री आठवून लिहावे लागते, आणि परीक्षकाच्या दुसऱ्या प्रश्नालाच ते उघडे पडते.

समजा, रोबोटचा हात ठोकळा उचलताना झुकतो. ‘मोटर बदलली’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला काय कळणार? त्याऐवजी तुम्ही असे लिहा: तारीख, ठोकळा 250 ग्रॅम, सांध्यापासून 40 सेंमीवर, म्हणजे 10 किलो-सेंमी जोर, मोटरची ताकद तेवढीच, पण हाताचे स्वतःचे वजन हिशेबात धरलेच नव्हते. मग हात 28 सेंमी केला, तर तो वरच्या खणापर्यंत पोहोचेना. शेवटी लांबी पुन्हा 40 वर आणून दातेरी चाके लावली: जोर जवळपास तिप्पट, वेग एक तृतीयांश. शेजारी पेनने काढलेली वेडीवाकडी आकृती. असे एक पान मला दहा चकचकीत फोटोंपेक्षा जास्त सांगते. चुकलेला आकडा खोडू नका, त्यावर एक रेघ मारा. खालचे वाचता आले पाहिजे.

शिक्षकांना एक विनंती. शुद्धलेखन हवे तर तपासा, पण पेन मुलांच्याच हातात राहू द्या. परीक्षक प्रश्न त्यांनाच विचारणार आहेत.

या पुस्तकातली पुढची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. मात्र वाचताना चौकटीची वही शेजारी असावी. पहिल्या पानावर आजची तारीख घाला आणि काल काय मोडले, ते लिहा.