केडगावचे बायबल : एका भाषांतराचा आणि काही प्रश्नांचा इतिहास

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके आज ऊस, साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहतींसाठी ओळखले जातात. दीडशे वर्षांपूर्वी हा सारा पट्टा अवर्षणाचा आणि कर्जाचा होता. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात उठाव झाला आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत कर्जखतांच्या होळ्या झाल्या. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या या प्रकरणातून १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा जन्माला आला.

याच मुलखात, दौंड तालुक्यातील केडगावी, पुढे एका परदेशी ग्रंथाचे नव्याने मराठीकरण झाले. तो ग्रंथ म्हणजे बायबल. हे काम पंडिता रमाबाईंनी केले. ‘इतका जुना ग्रंथ आजच्या प्रश्नांना काय उत्तर देणार?’ असे आपण अनेकदा ऐकतो. सगळ्याच धर्मग्रंथांविषयी हा प्रश्न विचारला जातो. त्याचे एक उत्तर केडगावच्या छापखान्यात सापडते, आणि ते नेहमीच्या उत्तरांपेक्षा वेगळे आहे.

आधी कर्जाचेच घेऊ. बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकात एक लहानसा नियम आहे. कर्जापोटी कोणाचे जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे त्या माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखे आहे. गरिबाचे पांघरूण तारण म्हणून घेतले, तर सूर्य मावळण्यापूर्वी ते परत करावे, असाही नियम तेथे आहे. दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यावे, असे तेच पुस्तक सांगते. ‘लेवीय’ हे पुस्तक त्याहून पुढे जाते. पन्नासाव्या वर्षी विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, असा नियम त्यात आहे. हे पन्नासावे वर्ष प्रत्यक्षात कितपत पाळले गेले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र जमीन आणि जाते गेले की माणूस उभा राहू शकत नाही, हे त्या नियमकर्त्यांना कळले होते. १८७५ च्या कर्डे-सुप्याच्या शेतकऱ्यालाही ते कोणी शिकवावे लागले नसते.

पण म्हणून बायबलात सर्व प्रश्नांची तयार उत्तरे आहेत, असे म्हणता येत नाही. गुलामगिरीचेच उदाहरण पाहा. पळून आलेल्या गुलामाला त्याच्या मालकाच्या हवाली करू नये, असे ‘अनुवाद’ सांगतो, तर गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी, असे नव्या करारातील एका पत्रात लिहिले आहे. अमेरिकेत गुलामांचे मालक आणि गुलामगिरीचे विरोधक दोघेही हाच ग्रंथ हाती धरून वाद घालत होते. ज्या अमेरिकनांनी गुलामांच्या मुक्तीसाठी कष्ट सोसले, त्यांना महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, हे मराठी वाचकांना ठाऊकच आहे. ग्रंथ एक आणि निवाडे दोन. अशा वेळी ग्रंथ कोण वाचतो आणि कोणत्या जागेवरून वाचतो, यालाच अधिक महत्त्व येते.

एक ग्रंथ नव्हे, एक कपाट

बायबल हे नावच मुळी ‘पुस्तके’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. प्रोटेस्टंट परंपरेत त्यात ६६ पुस्तके आहेत, ३९ जुन्या करारात आणि २७ नव्या करारात. कॅथलिक परंपरेत ही संख्या ७३ होते. कायदे, वंशावळी, म्हणी, प्रेमगीते, राजांचे इतिहास आणि खाजगी पत्रे असा सगळा ऐवज त्या कपाटात आहे. जुना करार मुख्यतः हिब्रूत आणि थोडा अरामी भाषेत आहे, तर नवा करार ग्रीकमध्ये. ‘अमुक अध्याय, अमुक ओवी’ अशी जी ओळख आज आपण देतो, ती मूळ लेखकांची नव्हे. अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पाडले गेले आणि नव्या कराराच्या ओव्यांना आजचे क्रमांक रॉबेर एत्येन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये दिले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की नव्या कराराची ग्रीक ही अथेन्सच्या पंडितांची ग्रीक नाही. ती त्या काळच्या बाजारात, बंदरात आणि घरात बोलली जाणारी सामान्यांची ग्रीक आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने सुरू केलेल्या लॅटिन भाषांतराला पुढे ‘वल्गाता’ हे नाव पडले. त्याचाही अर्थ सर्वांत रूढ असलेले, लोकांचे, असाच आहे. या कामात पौला नावाची विदुषी जेरोमच्या पाठीशी होती. म्हणजे सोपी भाषा आणि स्त्रीचा हात, या दोन्ही गोष्टी बायबलच्या इतिहासात केडगावच्या कितीतरी आधीच्या आहेत.

मराठीतला प्रवास बंगालमधून सुरू झाला. श्रीरामपूरच्या विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या साह्याने काम केले. १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये मराठी नवा करार छापला गेला. १८१३ पासून मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी हे काम पुढे नेले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र अहमदनगरला झाले, आणि घोडनदीकाठच्या शिरूरलाही त्यांचे ठाणे होते. शिरूरच्या वाटेने हा ग्रंथ या पट्ट्यात येत होता. फक्त त्याची भाषा शास्त्रीबुवांच्या मदतीने घडलेली, संस्कृतकडे झुकलेली होती.

संस्कृत बायबल आणि संस्कृत पंडिता

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जनरीत मोडून आधी पत्नीला संस्कृत शिकवले, आणि रमाबाईंचे शिक्षण आईकडून झाले. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भावाबरोबर त्या पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचल्या, आणि तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच कलकत्त्यात एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांच्या हाती प्रथम बायबल पडले, तेही संस्कृतात. रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे, की ती भाषा त्यांना परिचित असलेल्या संस्कृत ग्रंथांपेक्षा इतकी निराळी वाटली, की वाचणे म्हणजे वेळ घालवणेच वाटले. संस्कृतात पारंगत असलेल्या बाईला संस्कृत बायबल उमगले नाही, ही घटना पुढच्या सर्व कामाची नांदी ठरली, असे म्हणायला हरकत नाही.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी लंडनमध्ये चालणारे एक गृह आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा यांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. येशू विहिरीवर एका परक्या, बदनाम बाईशी बोलतो आणि तिला धर्माची गहन गोष्ट सांगतो. ज्या परंपरेत वेद स्त्रीच्या कानी पडू देत नसत, तिथून आलेल्या रमाबाईंना त्या संवादात काय दिसले असेल, हे वेगळे सांगायला नको.

मात्र त्या चर्चच्याही मुकाट अनुयायी झाल्या नाहीत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांनी सुचवले तेव्हा त्यांनी ते ठामपणे नाकारले. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी सिस्टर जेराल्डीनशी वाद घातला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. हा पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. स्वतः वाचायचे, स्वतः ठरवायचे, हा त्यांचा आग्रह शास्त्री आणि बिशप या दोघांपुढे सारखाच होता.

दुष्काळ, छापखाना, खिळे

मुंबईत १८८९ मध्ये सुरू झालेले शारदा सदन पुण्यात आले. विद्यार्थिनींच्या ख्रिस्ती धर्माकडे वळण्यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ झाले. ‘केसरी’ने कडक टीका केली, सल्लागार मंडळातील सुधारक दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. पालकांची शंका निराधार नव्हती आणि रमाबाईंची श्रद्धाही दिखाऊ नव्हती. या वादाची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. महाराष्ट्राने आपल्या एका मोठ्या विदुषीकडे पाठ फिरवली, आणि त्यांनाही पुण्याच्या सुधारक वर्तुळात पुन्हा जागा उरली नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणि विधवा आणल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना रेल्वेमार्गावरील केडगावच्या जमिनीवर नेले. तेच मुक्ती सदन. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा आणि दूधदुभते यांबरोबर तेथे छापखानाही आला. अंध स्त्रियांना ब्रेलने वाचायला शिकवले जाऊ लागले.

या बायका जेव्हा अक्षरे शिकून बायबल उघडत, तेव्हा त्यातील शब्द त्यांना अडवत. रमाबाईंना आपले कलकत्त्याचे दिवस आठवले असतील का, ते त्यांनाच ठाऊक. पण १९०५ च्या सुमारास त्यांनी मुळापासून भाषांतराला हात घातला. वयाच्या पन्नाशीकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीकच्या अभ्यासाला बसल्या. धोरण दोन कलमी होते. खेड्यातल्या बाईला कळेल असा शब्द घ्यायचा, आणि ज्या संस्कृत शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ आधीच चिकटलेला आहे ते शक्यतो टाळायचे. ‘अवतार’ किंवा ‘मोक्ष’ म्हटले की मराठी मनात एक पूर्ण दर्शन जागे होते, ही अडचण कोणत्याही भाषांतरकाराला चुकत नाही. क्रुसावर संस्कृत मागणारी पंडिता आता आपल्या वाचकिणींसाठी संस्कृत बाजूला ठेवत होती. आपल्या विद्वत्तेचे असे विसर्जन करणे सोपे नसते.

खिळे जुळवण्यापासून छपाई-बांधणीपर्यंतची कामे मुक्तीच्या बायकांनीच केली. यांतल्या कितीजणी काही वर्षांपूर्वी निरक्षर होत्या, उपाशी होत्या. नवा करार रमाबाईंच्या हयातीत छापून झाला. मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली, तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

उत्तर कोठे आहे?

जगात याला एक जवळचे उदाहरण आहे. अमेरिकेतील कनेक्टिकटच्या जूलिया स्मिथ यांनी मूळ भाषांवरून एकटीने केलेले संपूर्ण इंग्रजी बायबल १८७६ मध्ये छापले. मताधिकार नसताना कर भरणार नाही, म्हणून त्या आणि त्यांची बहीण अडून बसल्या होत्या, आणि त्यापायी त्यांच्या गाई जप्त झाल्या होत्या. बाईला अक्कल आहे हे सिद्ध करण्याचा मार्ग त्यांना भाषांतरात दिसला.

पौलाच्या एका पत्रात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे आहे. दुसऱ्या पत्रात ख्रिस्तात स्त्री-पुरुष भेद नाही असे आहे, आणि तिसऱ्यात फीबी नावाच्या सेविकेची शिफारस आहे. यातले कोणते वाक्य आजच्यासाठी, हे ग्रंथ स्वतः सांगत नाही. शतकानुशतके ते पुरुष ठरवत आले, कारण वाचणे त्यांच्या हाती होते. केडगावी ते हात बदलले.

रमाबाईंचे भाषांतर फार पसरले नाही. चर्चमध्ये बायबल सोसायटीचीच मराठी रुजली, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही या कामाला थोडीच जागा मिळाली. शब्दशः राहण्याच्या आग्रहामुळे त्यांची वाक्ये कधी अवघडतातही. तरी त्या कामाने एक गोष्ट दाखवून दिली. जुना ग्रंथ नव्या प्रश्नांना उत्तर देतो की नाही, हे आधी त्याला प्रश्न विचारण्याची मुभा कोणाकोणाला आहे यावर ठरते. जात्याचा नियम न्यायाधीश वाचेल तेव्हा त्याला कलम दिसेल, सावकाराला अडचण दिसेल. पहाटे उठून दळण दळलेली बाई तोच नियम स्वतःच्या भाषेत वाचेल, तेव्हा तो कशासाठी केला हे तिला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.