हंड्यावरचं नाव



माघ सरून फाल्गुन लागला की आमच्या गंगापूर रोडवर पहाटेपासून वर्दळ असते. सावरगाव, दुगाव, गिरणारे या बाजूला द्राक्षांची तोड चालू असते. पेठ, हरसूल, सुरगाण्याहून मजुरीला आलेल्या बाया डोक्याला फडकी बांधून पिकअपमध्ये दाटीवाटीने उभ्या असतात. धरणाकडच्या माळावर पळस लाल होतो, काटेसावरीच्या फुलांवर साळुंक्या आणि बुलबुल भांडतात, गहू पिवळा पडायला लागतो. आणि याच दिवसांत आणखी एक गाडी गावोगाव फिरते. तिच्यावरचा भोंगा ओरडत असतो : तांबं, पितळ, जुनी मोड!

ही गाडी फाल्गुनातच का जास्त फिरते? कारण आपली भांडी याच महिन्यात माळ्यावरून खाली उतरतात. कुरडयांसाठी गहू भिजत घालायचा, तर मोठं पातेलं लागतं. चीक शिजवायचा, तर जाड बुडाचं भांडं लागतं. सोऱ्या, परात, घंगाळ, सगळं अंगणात येतं. शिवाय पुढे लग्नसराई असते आणि 31 मार्चच्या आत सोसायटीचं पीककर्ज भरायचं असतं. द्राक्षाचा पैसा आला तरी तो ज्याच्या नावावर बाग, त्याच्या खात्यात येतो. बाईच्या हातात विकण्यासारखं काय, तर भांडं. मोडवाल्याला हे पंचांगापेक्षा पक्कं ठाऊक असतं.

अलीकडे त्याच्या जोडीला दुसरे गिऱ्हाईक आलेत. ते मोटारीतून येतात, वजनकाटा आणत नाहीत, भांडं हातात घेऊन उलटंसुलटं बघतात आणि भाव मोडवाल्यापेक्षा बरा देतात. त्यांना जात्याची तळी हवी असते, मोटेचं लाकडी चाक हवं असतं, बैलगाडीची धाव लावलेली चाकं हवी असतात, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या हव्या असतात. काही खरे संग्राहक असतात, पुष्कळसे हॉटेलं आणि फार्महाऊस सजवणारे. आपल्या रस्त्याला द्राक्षाच्या जोडीने वाइन आणि पर्यटन आलं, तसा हा बाजारही आला. आम्हाला त्यात वाईट काही दिसत नाही. पण वस्तू घेताना ते एक प्रश्न कधी विचारत नाहीत, तो म्हणजे ही कोणाची होती.

आज आपण त्याच प्रश्नाबद्दल बोलू. कारण त्याचं उत्तर बऱ्याचदा वस्तूवरच लिहिलेलं असतं.

आमच्या गटातल्या बायांनी गेल्या दोन फाल्गुनांत घरोघरची जुनी भांडी चिंचेने घासून नीट पाहिली. जवळजवळ प्रत्येक हंड्याच्या गळ्याशी, परातीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी काढलेली अक्षरं निघाली. नाशिकच्या भांडीबाजारात दुकानाच्या पायरीशी छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला कारागीर ती ठोकून देत असे. पुढे विजेचं यंत्र आलं. तांबट आणि कासारांचं हे गाव जुनं. ब्रिटिशांनी 1883 साली छापलेल्या नाशिक गॅझेटिअरमध्येही इथल्या तांब्या-पितळेच्या धंद्याची नोंद आहे. सायखेड्यापासून हरसूलपर्यंतच्या लग्नांची भांडी याच बाजारातून उचलली जात.

त्या अक्षरांत काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून. कै. अमुकबाई यांचे स्मरणार्थ. कुठे नुसती तीन आद्याक्षरं, कुठे गावाचं नाव, कुठे शके अमुक. वाचताना आमच्या लक्षात एक गोष्ट आली. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं, की मुलीचं जुनं नाव संपायचं. शाळेत ती गेलीच नसेल, तर ते कुठल्याही कागदावर उरत नसे. सातबाऱ्यावर ती नव्हतीच. पण भांडी लग्नाच्या आधी खरेदी झालेली असायची, म्हणून त्यांच्यावर माहेरचं नाव राहिलं. आमच्या एका सभासद बाईला आपल्या आजेसासूचं माहेरचं नाव पहिल्यांदा कळलं ते पाणी तापवायच्या घंगाळावरून. घरातल्या कोणालाही ते ठाऊक नव्हतं, सासऱ्यांनासुद्धा नाही.

गंमत बघा, याच रस्त्यावर दोन बायकांचा इतिहास पुस्तकांत भरभरून लिहिलेला आहे. आनंदवल्लीवरून आपण रोज जातो. त्या गावाचं जुनं नाव चौंधस. राघोबादादांनी तिथे वाडा बांधला आणि आनंदीबाईंच्या नावावरून गाव आनंदवल्ली झालं. पुढे काही मैलांवर आपलं गंगापूर. तिथे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई येऊन राहिल्या. विश्वासराव पानिपतावर पडले, माधवराव क्षयाने गेले, नारायणरावांचा 1773 साली शनिवारवाड्यात खून झाला. तिन्ही मुलगे गमावलेली ही आई 1788 साली गेली. नारायणरावांच्या खुनाचा ठपका ज्या आनंदीबाईंवर आला, त्यांचं नाव त्याच गोदेच्या काठी, त्याच वाटेवर. दोघींबद्दल कादंबऱ्या झाल्या, नाटकं झाली. त्यांच्या घरी पाणी भरणाऱ्या, दळण दळणाऱ्या बायांचं मात्र एकही नाव आपल्याला सांगता येत नाही. ते असलंच तर एखाद्या कळशीच्या गळ्याशी असेल, आणि ती कळशी केव्हाच वितळली असेल.

वितळण्याचा हा काळही फार जुना नाही. आधी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी आली. मग स्टील आलं. स्टीलला कल्हई लागत नाही. आपल्या आज्या सांगतात, कल्हईवाला आला की पोरं भोवती बसत. भाता फुंकायचा, भांडं लाल तापवायचं, नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाने पुसला की भांडं आतून चांदीसारखं. कल्हईवाला येईनासा झाला आणि पितळ्यात आंबट कळकू लागलं. म्हणजे बायांनी पितळ काढलं ते अडाणीपणाने काढलं असं कोणी म्हणू नये. घासण्याचे कष्ट आणि वजन ज्या मनगटांना सोसावं लागत होतं, त्यांनी केलेला तो हिशोब होता.

भांड्यावर नाव आणि जमिनीवर नाही, हे आपल्याच जिल्ह्यात एकदा मोठ्याने बोललं गेलं होतं. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. लाखावर बाया आल्या असं जुनी माणसं सांगतात. शरद जोशींनी पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला : शेतकऱ्याने राजीखुशीने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात असे शंभर जण निघत, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. कायदाही हळूहळू सरकत होता. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बाईच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. 1994 साली महाराष्ट्राने त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, आणि 2005 साली तो देशभर सगळ्या मुलींना मिळाला. त्याआधी कित्येक पिढ्या आपल्या बायांचा मालकीहक्काचा एकमेव लेखी पुरावा हंड्यावर ठोकलेला होता. तलाठ्याच्या दप्तरात नव्हता.

आता जनावरांकडे वळू, कारण या वस्तू नुसत्या माणसांच्या नव्हत्या. मोटेचं चाक बैलांशिवाय फिरत नव्हतं. विजेचे पंप आले तशा मोटा गेल्या, मग बैल कमी झाले, मग घाट्या खुंटीवर आल्या. इगतपुरी-पेठकडचे डांगी बैल ज्यांच्या गोठ्यात होते त्यांना ठाऊक आहे : काळे-पांढरे, तेलकट कातडीचे, मुसळधार पावसात भातखाचरात न कुरकुरता उभे राहणारे. गळ्यातल्या घाटीचा आवाज प्रत्येकाचा वेगळा ठेवत. अंधारात कुठलं जनावर कुठे चरतंय हे बाई चुलीपाशी बसून सांगायची. तीच घाटी आता हॉटेलच्या दारावर टांगतात, पाहुणा आला की वाजते.

सुपाचंही तसंच. सुपात पाखडलं की जे उडतं ते चिमण्यांचं, हा अलिखित वाटा होता. फाल्गुन-चैत्र हे त्यांचे घरटी बांधायचे दिवस. तसबिरीच्या मागे, आढ्याच्या फटीत काड्या कोंबायच्या, अंगणात दाणे टिपायचे. आता किराणा पिशवीत निवडून येतो, घर स्लॅबचं असतं, आढं नाही नि फट नाही. दरवर्षी 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो, तो 2010 पासून; आणि त्याची कल्पना आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांची, हे आपल्याला अभिमानाने सांगायला हवं. त्यांनी लाकडी घरट्यांची पेटी घरोघर नेली. आमच्याकडे काहीजणींनी ती ओट्यावर लावली आहे. एकीने मात्र पेटी न लावता जुनं सूप पुन्हा वापरात काढलं आणि सांगितलं, आधी जेवायला घालू, मग घराचं बघू. वाळवणाच्या कुरडयांवर हक्क सांगणारे कावळे आणि खारी वेगळ्याच. त्यांना कधीच कशाची कमी पडली नाही.

आणि एक वस्तू अशी, जी भिंतीवरून पुन्हा गळ्यात आली. कुत्र्याच्या गळ्यात घालायचा लोखंडी खिळ्यांचा पट्टा. बिबट्या मानेला धरतो, म्हणून लोहाराकडून बाहेर टोकं असलेला पट्टा करून घ्यायचे. आमच्याकडच्या काही जुन्या घरांत तो गंजून पडलेला होता. एक तर 'शोपीस' म्हणून विकलाही गेला. आता बिबट्या आपल्या रस्त्याला नवा राहिलेला नाही. उसात त्याची पिल्लं वाढतात, ऊसतोडीत ती सापडतात, वनखातं ती आईकडे पोचवायची धडपड करतं. कॉलनीत शिरलेल्या बिबट्यामागे धावणारी गर्दीही आपण पाहिली आहे. 2025 च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताहेत असे फोटो पेपरात आले. ते पाहून आमच्या बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही. ज्यांना पहाटे गव्हाला पाणी द्यायला जायचं असतं, त्यांना तो पट्टा जुनी वस्तू वाटत नाही.

वस्तू जमवणाऱ्यांबद्दल आमच्या मनात राग नाही, हे पुन्हा सांगतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ज्या गेल्या असतील त्यांनी पाहिलं असेल. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, करंड्या, स्वयंपाकघरातल्या किती वस्तू तिथे आहेत. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास सुरुवात केली, गावोगाव फिरले आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने सगळं देऊन टाकलं. त्यांच्या पत्नी कमलाबाई या कामात बरोबरीने होत्या. राजवाड्यातल्या तलवारींइतकाच मान अडकित्त्याला देणारा माणूस विरळाच. पण केळकर वस्तूबरोबर तिची हकिकतही जपत. आपल्याकडून नेणारा हकिकत नेत नाही, आणि ती मागे ठेवायची आपल्यालाही सवय नाही.

म्हणून आमच्या गटाने एक वही सुरू केली आहे. बचतीच्या वहीसारखीच लाल पुठ्ठ्याची. त्यात भांड्याचं नाव, ते कशाला वापरत, कोणी कोणाला दिलं, कुठल्या लग्नात, आणि भांड्यावरची अक्षरं जशीच्या तशी. अक्षरं चुकीची ठोकलेली असतील तर तीही चुकीचीच लिहायची.

वहीत नोंद झाली म्हणजे विकायची बंदी झाली असं मुळीच नाही. मागच्या शिमग्याच्या आधी आमच्यातल्या एकीने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी आईचा तांब्याचा हंडा विकला. घरातले पुरुष म्हणाले, आईची आठवण विकू नकोस. ती म्हणाली, आईने मला तो अडीअडचणीलाच दिला होता. आम्हाला तिचं पटलं. गटातून कर्ज देऊ असं आम्ही म्हणालो होतो, पण आधीचे हप्ते चालू असताना तिला नवं व्याज नको होतं. हंडा तिचा, निर्णय तिचा. स्त्रीधन या शब्दाला काही अर्थ असेल तर तो हाच. मात्र मोडवाल्याचा भाव आणि मोटारवाल्याचा भाव, दोन्ही विचारून मगच दिला, तेव्हा जवळजवळ दुप्पट पैसे आले. आणि देण्याआधी हंड्यावरचं नाव कागदावर उतरवून घेतलं.

ते कसं करायचं, एवढं सांगून थांबतो. अक्षरांची जागा आधी चिंच आणि राखेने घासा, धुऊन पूर्ण कोरडी करा. वर पातळ कागद घट्ट धरा. पतंगाचा चालतो, मिठाईच्या डब्यातला बटरपेपर उत्तम. हंड्याच्या गोलाईवर कागद सरकतो, म्हणून दुसरीने धरायचा. मऊ शिशाची पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवा. दाबलं तर कागद फाटतो. ठिपके पांढरे राहतात, बाकी काळं होतं आणि नाव वर येतं. ज्यांना करायचं असेल त्यांनी दुपारी दोननंतर या. तेव्हा कुरडया उन्हात घातलेल्या असतात आणि त्या राखायला कोणीतरी बसलेलंच असतं.