दोन कथांमधली वाट: भयकथामालिका चित्रपटांच्या अभ्यासाची प्रस्तावना

एकाच चित्रपटात तीन-चार किंवा पाच-सहा छोट्या भयकथा एकामागोमाग येतात, पात्रं बदलतात, घरं बदलतात, पुष्कळदा दिग्दर्शकही बदलतो. जर्मनीत रिचर्ड ओस्वाल्डने १९१९ साली पाच कथांचा असा मूकपट केला. आपल्याकडच्या प्रेक्षकाला ‘डरना मना है’मुळे (२००३) हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. त्याची चर्चा मात्र बहुतेक वेळा कथा सुट्या करून होते: कोणती जमली, कोणती फसली. माझ्या मते या प्रकाराची खरी कारागिरी एक कथा संपून दुसरी सुरू होते त्या जागेत असते. आणि ती जागा समजून घ्यायला धाराशिव जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला फार लांब जावं लागत नाही.

याच जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं सांगितलं आहे. सातवाहनांच्या याच मुलखाशी गुणाढ्याची आख्यायिका जोडलेली आहे. दरबारातली पैज हरल्यावर त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या, रानात पिशाचांची भाषा उचलली आणि स्वतःच्या रक्ताने ‘बृहत्कथा’ लिहिली. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्या परंपरेतून काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागर’ रचला. त्यातल्या वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा.

१९८५ सालच्या ‘विक्रम और बेताल’ने घराघरांत पोचवलेली ही कथा पुन्हा नीट वाचावी. एका भिक्षूच्या सांगण्यावरून मसणवट्यात झाडाला लोंबणारं प्रेत राजा खांद्यावर घेतो. वाट सरावी म्हणून प्रेतात शिरलेला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसला, तर राजाचं डोकं फुटणार. बोलला, तर प्रेत पुन्हा झाडावर. यातल्या कितीतरी गोष्टी प्रेमाच्या, चातुर्याच्या, न्यायनिवाड्याच्या आहेत, त्यांत घाबरण्यासारखं काही नाही. अंगावर काटा येतो तो त्या येरझाऱ्यांनी. प्रत्येक शहाणं उत्तर राजाला अंधारात माघारी पाठवतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याला सुचत नाही, म्हणून तो गप्प चालत राहतो, म्हणूनच मुक्कामाला पोचतो. आणि तिथे त्याचाच बळी द्यायला टपलेला तो भिक्षू उभा असतो. इतका वेळ कथा ओवणारा नुसता दोरा वाटलेली ही चौकट इथे सगळ्यांत मोठी भयकथा होते.

ब्रिटनमधल्या ईलिंग स्टुडिओच्या ‘डेड ऑफ नाइट’मध्ये (१९४५) हेच घडतं. चार दिग्दर्शकांनी मिळून केलेला हा चित्रपट. एक वास्तुविशारद खेड्यातल्या घरी येतो, तर तिथली सगळी माणसं त्याने आधीच स्वप्नात पाहिलेली. जो तो आपला अनुभव सांगतो, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येकाचा उलगडा करू पाहतो. अखेरीस सांगितलेल्या कथांतली माणसंच त्या वास्तुविशारदाभोवती गर्दी करतात. त्याला जाग येते, फोन वाजतो, आणि तो पुन्हा त्याच घराकडे निघतो. जपानी दिग्दर्शक कोबायाशींचा ‘क्वाइदान’ (१९६४) मात्र अशी चौकट ठेवतच नाही. स्टुडिओत रंगवलेलं आकाश आणि संगीतकार ताकेमित्सूंचं ध्वनिसंयोजन त्याच्या चार कथा बांधून ठेवतं. हिमस्त्रीच्या कथेत तर त्या आकाशातून डोळे रोखलेले दिसतात.

मराठीत सुट्या भयकथा एकत्र आणण्याचं काम रत्नाकर मतकरींच्या ‘गहिरे पाणी’ या दूरचित्रवाणी मालिकेने केलं. नारायण धारपांच्या कथेचा वारसा सांगणारा ‘तुंबाड’ (२०१८) हिंदीत आला, आणि तीन पर्वांचा असला तरी एकाच घराण्याची गोष्ट सांगतो. या प्रकाराची उणीव मराठी चित्रपटाला आहे, आणि साहित्य हाताशी असताना ती असावी याचं मला वाईट वाटतं. ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश काव्य पाहा. राजा करकंड तेरापूरजवळच्या लेण्यात येतो, मूर्तीच्या सिंहासनावरची गाठ फोडायला लावतो आणि दगडातून पाण्याचा लोट उसळतो. मग एक विद्याधर त्याला लेण्याची पूर्वकथा सांगतो. अभ्यासक हे लेणं धाराशिवच्या लेण्यांशी जोडतात. मोठ्या कथेत पोटकथा घालण्याची या काव्याची रीत पटकथाकाराने मुळातून पाहावी.

नव्या अभ्यासकाने सुरुवात ‘डेड ऑफ नाइट’पासून करावी. कथांकडे पहिल्या खेपेला फार लक्ष देऊ नये. जिथे माणसं आपापले अनुभव सांगतात त्या घराच्या दिवाणखान्यात कॅमेरा केव्हा परततो, किती वेळ थांबतो, आधी कोण बोलतं, एवढंच टिपून ठेवावं. मग तुळजापूरकडच्या एखाद्या रात्रभराच्या गोंधळाला बसावं. दिवटी पेटलेली असते, नायक आख्यान सांगत असतो, मधेच साथीदार काहीतरी विचारून त्याला अडवतो, पुन्हा संबळ-तुणतुणं सुरू होतं. तिथेही त्याच नोंदी कराव्यात आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत.