मोटेची उधारी

शिरूर तालुक्यात घोड नदीजवळ माझं आजोळ. तिथल्या विहिरीच्या काठावर दोन दगडी खांब अजून उभे आहेत. लहानपणी आम्ही त्यांवरून पाण्यात उड्या मारायचो. त्यांच्यामध्ये मोटेचं चाक फिरायचं, हे मला खूप उशिरा कळलं. आता मी दौंडला राहतो. इथं मोबाइलवरून मोटर चालू होते.

मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, खाली सोंड असलेली. तिचा जाड दोर, म्हणजे नाडा, चाकावरून बैलांच्या जुवाला जाई. सोंडेला बारीक दोर असे, तो सोंदूर. विहिरीपासून दूर जाणारी उतरती वाट म्हणजे धाव. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर येई. काठाशी सोंदूर सोंडेला पुढं ओढून धरी आणि पाणी आपोआप थारोळ्यात, तिथून पाटात. मोट रिकामी करायला वेगळा माणूस लागत नसे.

आजी सांगायची, "पाणी ओढताना बैल दमत न्हाई रं, माघारी सरताना दमतो." रिकामी मोट खाली सोडताना बैल उलट्या पावलांनी चढ चढायचे. भरलेली मोट ओढताना दमायचं नाही आणि रिकामीला दमायचं, हे मला पटेना.

शाळेतलं विज्ञान आठवल्यावर पटलं. एका जागी बसवलेलं चाक जोर वाढवत नाही, फक्त दिशा बदलतं. वर ओढायचं ओझं आडवं ओढता येतं. खरी करामत धावेची. उतारावर बैलांचं स्वतःचं वजनच मोट ओढायला मदत करतं. पण तेच वजन परत चढावर न्यावं लागतं. म्हणजे उतारावर घेतलेली उसनवारी बैल चढावर फेडतात. चाकाच्या कण्यावर घर्षणात जातं, ते वरचं व्याज.

साधं यंत्र काम कमी करत नाही, कामाची वाटणी बदलतं. समजा मोटेत दीडशे लिटर पाणी आहे. दहा लिटरच्या बादलीनं माणसाला पंधरा खेपा लागतील. मोटेनं ते एका खेपेत येतं, पण बैलजोडी असेल तरच. ज्याच्याकडं एकच बैल, तो शेजाऱ्याशी वारंगुळा करी: तुझा एक, माझा एक, आज तुझी विहीर, उद्या माझी. आणि बैल मेला, तर सावकाराचं दार.

त्या दारातली उधारी धावेसारखी नव्हती, ती फिटतच नसे. १८६५ नंतर कापसाचे भाव पडले, सारा मात्र वाढला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकारानं दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर देशमुखांचं घर पाडायला घेतलं, तेव्हा गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. पुढं १२ मे १८७५ ला सुप्यात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आजचं दौंडही त्याच तालुक्यातलं. वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला.

जाळले ते कागद. मोट कुणी जाळली नाही. यंत्रावर लोकांचा राग नव्हता. यंत्र चालवायला लागणारा बैल, बी आणि पैसा कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न होता.

पुढं ऑइल इंजिनं आली, मग विजेच्या मोटरी. बैलांचं उलटं चालणं थांबलं, ते बरंच झालं. पण उसनवारी संपली, असं मला वाटत नाही. मोट उपसायची ती बैल दमेपर्यंतच, आणि तेवढ्या वेळात विहिरीला पुन्हा पाझर फुटायचा. मोटर दमत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आजोळी गेलो, तर खांब तिथंच होते. खाली वाकून पाहिलं, विहिरीचा तळ दिसत होता.